सहा-चौदाचे काका

बंगळुरात सॉफ्टवेअर जन्माला घालणारे पैशाला पासरी मिळतात. जन्मलेलं सॉफ्टवेअर मरू न देणारे मात्र शोधून काढावे लागतात, आणि सापडतात तेव्हा ते बहुधा रिटायर झालेले असतात. ओळखायची खूण सांगतो. लालबागेत सकाळी सहा-साडेसहाला गळ्यात कोरा करकरीत मिररलेस कॅमेरा अडकवलेला एखादा गृहस्थ गाठा. कॅमेऱ्याचं कौतुक करा, तो सुखावेल. मग सहज विचारा, ‘फोटो एडिट कशात करता?’ उत्तर देण्यापूर्वी त्याने डावीकडे-उजवीकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला, तर हा त्यांतलाच, असं खुशाल समजा.

आमच्या मंडळातला या जातीचा अस्सल नमुना म्हणजे सहा-चौदाचे काका. त्यांचं खरं नाव वर्गणीच्या पावतीवर असतं, एरवी सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. नव्याने मंडळात आलेल्यांना वाटतं, काकांचा गीतेचा व्यासंग असावा: सहावा अध्याय, चौदावा श्लोक. सहावा अध्याय ध्यानयोगाचा, तेव्हा अंदाज अगदीच चुकत नाही. काकाही एका जागी तासन्‌तास स्थिर बसलेले असतात. फक्त त्यांच्यासमोर लाइटरूम असतं, आवृत्ती ६.१४.

त्याचा इतिहास थोडक्यात असा. मे २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केलं की यापुढे फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरा आणि वापरा. त्याच कंपनीचं, फोटो एडिट करायचं लाइटरूम तेवढं त्या तडाख्यातून काही काळ वाचलं. एप्रिल २०१५ मध्ये लाइटरूम ६ आलं, आणि एकदाच पैसे मोजून कायमचं घरी नेता येणारं ते शेवटचं ठरलं. त्याची अखेरची डागडुजी म्हणजे डिसेंबर २०१७ ची ६.१४. त्यानंतर निघालेल्या कॅमेऱ्याची रॉ फाईल समोर धरली, की ही आपल्याला वाचता येत नाही असं सांगून हे लाइटरूम मोकळं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये जगात कॅमेरे निघायचे थांबले, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. या समजुतीला धक्का न लावता त्याच्याकडून २०२३ च्या कॅमेऱ्याचं काम करून घेणं, हा काकांचा पूर्णवेळ उद्योग.

रॉ म्हणजे काय, हे काकांना विचारू नये. मी विचारलं होतं. चहा दोनदा झाला, आणि दुसऱ्या चहाला काकू ‘अजून सेन्सरवरच आहात का?’ म्हणाल्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग दिसतच नाहीत, इथून काका सुरुवात करतात. त्याला कळतो फक्त उजेड, कमी की जास्त. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी बसवतात. चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. हे साल सांगताना काका किंचित थांबतात. कारण त्याच्या आदल्याच वर्षी ते सांगलीहून येऊन जलहळ्ळीला एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात चिकटले होते, आणि या दोन्ही घटना इतिहासात शेजारी-शेजारी बसाव्यात अशी त्यांची इच्छा असते. तर रॉ फाईल म्हणजे या ठिपक्यांचे नुसते आकडे. त्यांतून रंगीत फोटो करायचा, तर त्या कॅमेऱ्याची लाल गाळणी नेमकी किती लाल, याचा तक्ता सॉफ्टवेअरपाशी हवा. हा तक्ता कॅमेऱ्याच्या नावाने लावलेला असतो. नाव यादीत नाही तर तक्ता नाही, आणि तक्ता नाही तर दार बंद. ‘सगळी मेख नावात आहे,’ असं म्हणून काका कारस्थान्यासारखे हसतात.

यावर सज्जनांचा एक मार्ग आहे. अ‍ॅडोबीनेच २००४ मध्ये डीएनजी नावाचा खुला फाईल-प्रकार काढला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॉ फायली त्यात बदलून देणारा कन्व्हर्टर फुकट ठेवला. तो अजूनही फुकट आहे आणि नवनवे कॅमेरे शिकत असतो. डीएनजीची खुबी अशी की रंगांचा तक्ता फाईल स्वतःबरोबरच घेऊन येते. जुन्या लाइटरूमने कॅमेऱ्याचं नाव जन्मात ऐकलेलं नसलं तरी ते तक्ता वाचतं आणि निमूट कामाला लागतं. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’पुढे जुनी आवृत्ती निवडायची. नाही तर तो फायली आजच्या पद्धतीने दाबतो आणि त्या काकांच्या लाइटरूमला उघडत नाहीत. हे पथ्य काकांनी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या डोक्यावर डकवलं आहे. शेजारीच काकूंची बीपीची वेळ डकवलेली आहे, पण ती छोट्या अक्षरात.

दुसरी अडचण मशीनची. ताजा कन्व्हर्टर विंडोज ७ वर चालत नाही आणि काका लाइटरूमला विंडोज ७ वरून हलवायला तयार नाहीत. ते नव्या मशीनवरही चालेल, हे त्यांना ठाऊक आहे. पण नव्या मशीनवर टाकायचं म्हणजे कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून ‘हा गृहस्थ आमचाच’ अशी साक्ष काढायची. आणि तो सर्व्हर उद्या असेल याचा भरवसा काय? २०१२ च्या अखेरीला फोटोशॉप सीएस२ चा सर्व्हर बंद झाला तेव्हा अ‍ॅडोबीने जुन्या ग्राहकांसाठी साक्षीशिवाय चालणारी प्रत ठेवली, आणि सगळं जग ती फुकट आहे असं समजून तिच्यावर तुटून पडलं. ‘एवढं सौजन्य दर वेळी कोण दाखवणार?’ काका विचारतात.

म्हणून घरात दोन कॉम्प्युटर. एक काकांचा, ज्याचा हात मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये सोडला. त्याची नेटची वायर काकांनी काढून, गुंडाळून, वर रबर लावून ठेवली आहे, म्हणजे व्हायरसही नको आणि अपडेटही नको. काकांच्या लेखी दोन्हींत फारसा फरक नाही. दुसरा काकूंचा लॅपटॉप, जो खरं तर भिशीच्या हिशोबासाठी घेतला होता. त्यावर कन्व्हर्टर चालतो. हेसरघट्ट्याला जाऊन काका आठशे-नऊशे पक्षी टिपून आले, की तो लॅपटॉप दुपारभर तापत राहतो आणि काकू दर अर्ध्या तासाने आतून विचारतात, ‘अहो, तुमचं दळण झालं का?’ दळण झालं की पेनड्राइव्ह या खोलीतून त्या खोलीत जातो. जगातली सगळ्यांत वेगवान म्हणवणारी क्लाउड सेवाही हे अंतर इतक्या लवकर तोडत नाही, असा काकांचा दावा आहे. अंतर अकरा पावलांचं आहे.

दुसरा मार्ग सज्जनांचा नाही. तो काका रात्री साडेदहानंतर, काकू झोपल्यावर चोखाळतात. फिल हार्वी नावाच्या एका कॅनेडियन गृहस्थांनी २००३ पासून एक्झिफटूल नावाचं साधन जोपासलं आहे. फाईलच्या पोटात लिहिलेली माहिती त्याने वाचता येते आणि बदलताही येते. काळ्या खिडकीत काका टाइप करतात: एक्झिफटूल, डॅश, मॉडेल, बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणात त्याच घराण्यातल्या थोरल्या कॅमेऱ्याचं नाव. एंटर. झालं! कालचा कॅमेरा कागदोपत्री २०१७ चा झाला. फाईलची आतली मांडणी फारशी बदललेली नसली, तर लाइटरूम नाव वाचतं, यादी बघतं आणि फोटो उघडतं. एक्झिफटूल सभ्य असल्यामुळे दर बदलाआधी मूळ फाईल ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून बाजूला ठेवतं. ती कधी काढून टाकायची असते, हे काकांना पटलेलं नाही. त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक पक्ष्याची दोन रूपं आहेत, एक खऱ्या नावाने आणि एक खोट्या. हार्ड डिस्क भरली की काका नवीन घेतात. सबस्क्रिप्शनचे पैसे वाचतात ते असे.

खोट्या नावाची किंमत रंगात मोजावी लागते. थोरल्याचा तक्ता धाकट्याला घट्ट होतो. गेल्या फेब्रुवारीत कब्बन पार्कात तबेबुया फुलली होती. अख्खं शहर त्या गुलाबी झाडाखाली सेल्फी काढत होतं. काकांनी बोट दुखेपर्यंत फोटो काढले, रात्री नाव बदललं, फाईल उघडली, तर तबेबुया शेंदरी. दुसऱ्या दिवशी ते परत गेले, खाली पडलेलं एक फूल उचललं, रुमालात गुंडाळून मेट्रोने जलहळ्ळीला आणलं, मॉनिटरच्या काचेला टेकवलं आणि रंगाच्या पट्ट्या सरकवत बसले. पाऊण तासात पडद्यावरचं फूल आणि हातातलं फूल तंतोतंत जुळलं. तेवढ्यात जेवायची हाक आली. जेवून येईपर्यंत हातातलं फूल कोमेजून जांभळट पडलं होतं आणि पडद्यावरचं होतं तसंच होतं. कुणीही फूल टाकून दिलं असतं. काकांनी पट्ट्या पुन्हा सरकवल्या.

काका कंजूष आहेत, असा काही जणांचा समज आहे. त्यांनी काकांबरोबर एकदा एस. पी. रोडला जाऊन यावं. जुन्या मशीनला डीडीआर-टू रॅम हवी असते. पाच दुकानं ‘इदु ईग बरल्ला सार’ म्हणजे हे आता येत नाही, असं म्हणून हात झटकतात. काका आपल्या कारखाना-कन्नडात ‘हळेदु इद्रे साकु’ म्हणतात, म्हणजे जुनं असलं तरी पुरे. सहाव्या दुकानातला मालक त्यांना आपादमस्तक न्याहाळतो, शिडीने माळ्यावर चढतो आणि कुठल्यातरी कंपनीने भंगारात काढलेल्या मशीनची पट्टी खाली घेऊन येतो. भाव सांगतो तो नव्या रॅमच्या वरचा. काका घासाघीस करत नाहीत. एवढ्या जुन्या वस्तूचा मान ठेवणारा माणूस भेटला, याचं त्यांना समाधान असतं. त्या मालकाला कशाचं समाधान असतं, ते उघड आहे.

या जमातीत पंथही आहेत. अपर्चरवाले हे त्यांतले उच्चभ्रू. अ‍ॅपलने अपर्चर पुढे न नेण्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासं झालं, म्हणून ही मंडळी त्याआधीच्या मोहावीच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. त्यांच्या मॅकबुकच्या बॅटऱ्या फुगल्या तरी चालतं. निकॉनच्या कॅप्चर एनएक्स २ चे भक्त संख्येने कमी पण कडवे. त्यांच्या देवाला २०१४ मध्येच निवृत्त केलं, आणि त्यातल्या कंट्रोल पॉइंटची सर कशालाच नाही, हे ते अजून सांगतात. पिकासावाले सर्वांत भोळे. गूगलने मार्च २०१६ मध्ये पिकासा गुंडाळलं, ही बातमी त्यांच्यातल्या काहींपर्यंत पोचलेली नसावी. रविवारी लालबागेनंतर हे सगळे गांधी बझारला डोसा खायला एकत्र बसतात. प्रत्येकाला बाकीच्यांची कीव येते. बिल मात्र वर्गणी काढूनच भरतात. वर्गणी या गोष्टीला त्यांचा विरोध आहे असं नाही, मधे पानावर डोसा आला पाहिजे.

काकांचं तत्त्वज्ञान त्यांच्या मनगटावर आहे. एचएमटीचं ‘जनता’, चावीचं. एचएमटी वॉचेस बंद करायचं केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ठरवलं. काका त्याआधीच निवृत्त झाले होते, पण तो दिवस ते सांगतात तो घरातला माणूस गेल्यासारखा. मग मनगट पुढे करतात. ‘कारखान्याला कुलूप लागलं, म्हणून हे थांबलं का? सकाळी चावी दिली की चालतं. याला रोज उठून मालकाला विचारावं लागत नाही, की साहेब, आज चालू का?’ घड्याळ सात मिनिटं मागे असतं, पण मुद्दा पुढचा आहे.

आणि मुद्दा खरा आहे, हे मला एकदा मंडळाच्या स्मरणिकेच्या वेळी कळलं. लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही. किती उजळला, कुठे कातरला, कुठली सावली उचलली, या सगळ्या सूचना एका वेगळ्या कॅटलॉगात साठतात. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला फोटो दिसतो, पण त्या सूचनांचा अर्थ तसाच्या तसा लावता येत नाही. काकांचे पंधरा-सोळा वर्षांचे निर्णय त्या एका फायलीत बसलेले आहेत. वर्गणीचं लाइटरूम घेतलं तर ते ती फाईल उघडेलही. पण वर्गणी थांबवली, की फोटो बघता येतात आणि एडिट करायचा भाग बंद होतो. स्वतःचेच निर्णय बघायचे, बदलायचे मात्र नाहीत, हे काकांना घरात चालतं, कॉम्प्युटरवर चालत नाही.

तर स्मरणिकेसाठी मंडळाच्या एका दिवंगत कार्यकर्त्यांचा फोटो हवा होता. सगळ्यांचे फोन धुंडाळून झाले. त्यांत सत्यनारायणाच्या प्रसादाचे फोटो होते, माणूस नव्हता. काकांनी दोन मिनिटांत २००९ च्या गणेशोत्सवातला फोटो काढला, आणि एक नव्हे, त्याची सात रूपं: एक कृष्णधवल, एक सोनेरी, एक मागची गर्दी धूसर केलेली. कार्यकर्त्यांच्या पत्नी आल्या. काकांनी सातही रूपं समजावून सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘यातलं काहीच न केलेला नाही का?’ काकांनी ‘रीसेट’ दाबलं. जसाच्या तसा, ट्यूबलाइटमध्ये जरा हिरवट दिसणारा माणूस पडद्यावर आला. ‘हे. असेच दिसायचे,’ बाई म्हणाल्या. काका दुखावले असतील असं आम्हाला वाटलं. पण ते महिनाभर सांगत होते, ‘बघितलंत? सोळा वर्षांनी रीसेट चाललं!’

या कार्यक्षमतेची दुसरी बाजू अशी की चालू वर्षाचे फोटो मिळत नाहीत. विसर्जनाची मिरवणूक कोपऱ्यावर पोचायच्या आत पोरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन शिळे झालेले असतात. काकांचे भाद्रपदातल्या गणपतीचे फोटो माघी गणपतीला येतात. उत्तम असतात. तोवर मखर कुणाचं होतं, यावरचं भांडण मिटलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं.

काकांच्या दुर्दैवाने, किंवा शहराच्या स्वभावाने म्हणा, जावई वर्गणीवर चालणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि काम काय तर ग्राहकांनी वर्गणी चालू ठेवावी हे बघणं. मागे एका पाडव्याला त्याने सासऱ्यांच्या हातात पाकीट ठेवलं. आत वर्षभराचं फोटो-सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन. सगळ्यांनी श्वास रोखले. काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

‘वर्षभराचंच का, जावईबापू?’

‘बाबा, ते वर्षाचंच असतं. मग रिन्यू करायचं.’

‘बरं आहे तुमचं. आम्ही मुलगी दिली ती कायमची दिली होती.’

‘दिली कुठे?’ काकू स्वयंपाकघरातून कडाडल्या. ‘ती काय तुमचं लायसन्स आहे? आणि दिली म्हणता, तर दर शनिवारी डबे कुणाचे नेते?’ जावयाने तेवढ्यात चकली तोंडात घातली. पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं गेलं आणि अजून तिथेच आहे. त्यातलं वर्ष संपलं असावं.

डार्कटेबल आहे, रॉथेरपी आहे, दोन्ही खुली, दोन्ही फुकट, नवे कॅमेरे ओळखणारी. तेही काकांनी करून पाहिलं. डार्कटेबलमध्ये प्रत्येक कामाला तीन-तीन वाटा आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत, ही त्यांची पहिली तक्रार. दुसरी तक्रार खोल आहे. ज्यांनी फावल्या वेळात, पदरमोड करून एवढं बनवलं, त्यांना शिव्या द्यायची चोरी. काकांना भांडायला कंपनी लागते.

मग नवा कॅमेरा तरी कशाला, जुनाच वापरा की, असं मी एकदा बोलून गेलो. काका चिडले नाहीत. हात पुढे करून बोटं दाखवली. थोडी थरथरत होती. ‘या हातांना आता स्थिर धरवत नाही, आणि या डोळ्यांना पाखराचा डोळा दिसत नाही. नवा कॅमेरा दोन्ही करतो. जे माझ्याच्याने होत नाही, ते नव्याकडून घेतो. फोटो कसा दिसावा, हे अजून माझं मला कळतं. ते कशाला भाड्याने घेऊ?’ यावर मला काही सुचलं नाही, म्हणून मी रॉ म्हणजे काय, ते पुन्हा एकदा विचारलं.

अलीकडे काकांनी मृत्युपत्र करायला घेतलं. मंडळातलेच बेळगावचे वकील, मी साक्षीदार. जलहळ्ळीचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, काकूंचे दागिने, सगळं सुरळीत उरकलं. शेवटी काकांनी एक जुना डबा पुढे सरकवला. आत लाइटरूमचा सिरियल नंबर. हा परवाना दोन कॉम्प्युटरांवर चालतो, पैकी दुसरी जागा काकांनी इतकी वर्षं न वापरता जपून ठेवली आहे. ती नातीला जावी, अशी इच्छा. नात फोनवर व्हिडिओ एडिट करते आणि लाइटरूम म्हणजे गच्चीवरची खोली समजते, ते असो.

वकिलांनी चष्मा वर केला. ‘किंमत काय घालू की हो याची?’

‘अमूल्य लिहा.’

‘तसं लिहिता येत नाही की हो. बरं, हे स्थावर धरायचं की जंगम?’

काकांनी विचार केला. ‘२०१७ पासून जागचं हललेलं नाही,’ ते म्हणाले. ‘स्थावर लिहा.’